नऊ जणी एक जूनच्या

उदगीर,
रविवार, ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. शिवव्वा हिस,

अण्णाचे अनेक आशीर्वाद. दाजींना शरणार्थ. आम्ही दोघं ठीक आहोत; म्हणजे तुझ्या वहिनीचा डावा गुडघा आणि माझी पाठ हे दोन अपवाद सोडले तर ठीक.

तू म्हणशील, खिशात फोन असताना अण्णा कागद कामून लिहून राहिला? त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात मी तुला तीनदा फोन केला, तीनदा एक नाव काढलं, आणि तीनदा तू 'किनवटला रेंज न्हाई, अण्णा' म्हणून ठेवून दिलास. त्याच रेंजमध्ये पाच मिनिटांआधी तू वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीला डाळीत पाणी किती यावरून खडसावत होतीस, ते मला लख्ख ऐकू आलं. कागदाला रेंज लागत नाही. फाडलास तर गोष्ट वेगळी. पण अधीक्षिकाबाईंनी टपाल न वाचता फाडू नये असा सरकारी नियम असणारच.

तहसीलसमोरचं माझं अर्ज लिहायचं टेबल अजून आहे. सदतीस वर्षं झाली. आजूबाजूला ऑनलाइनवाले बसतात, त्यांची बी.कॉम. झालेली पोरं अर्धा अर्ज भरून माझ्याकडे येतात, 'काका, इथं काय लिवायचं?' नववी पास माणसाला विचारतात. मी सांगतो आणि चहा त्यांच्याकडून घेतो. माझ्या हातून गेलेल्या कागदात तारखेची चूक आजवर कुणी काढलेली नाही, हे तू जाणतेसच.

दुसरं. गेल्या महिन्यात पाच तारखेला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच मैदानावर दोन-एक हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. तू पाहिलं नसशील. त्यावर एका पेपरात लेख आला. त्यात लिहिलं की बायकांच्या फुटबॉलच्या जागतिक स्पर्धा १९९१ ला सुरू झाल्या. मी संपादकाला लगेच पत्र टाकलं. १९७० ला इटलीत झाली, ७१ ला मेक्सिकोत झाली. मेक्सिकोत अंतिम सामन्याला लाखाच्या आसपास माणूस होता. मुलींची स्पर्धा म्हणून गोलचे खांब गुलाबी रंगवले होते. डेन्मार्कच्या पंधरा वर्षांच्या पोरीने अंतिम सामन्यात तीन गोल मारले. पण जागतिक संघटनेने ती स्पर्धा मानलीच नाही, म्हणजे कागदावर ती झालीच नाही. ९१ ची मानली, तर सामने ऐंशी मिनिटांचे ठेवले. नव्वद मिनिटं बायका पळतील यावर त्या पुरुषांचा भरवसा नव्हता. आणि आपला संघ १९७९-८० च्या आशियाई स्पर्धेत, कालिकतला, दुसरा आला होता, हे तर आपल्याच पेपरवाल्यांना ठाऊक नाही. पत्र छापलं नाही. माझ्या वहीत मात्र सगळं आहे. तुझी वहिनी विचारते, या वहीचा काय फायदा? मी म्हणतो, छंद.

तुमची १९८९ ची बँकॉकची स्पर्धाही त्यातलीच. सहा देशांची, निमंत्रितांची, सामने सत्तर मिनिटांचे. आज कुठल्याच यादीत सापडत नाही. माझ्या वहीत अशी नोंद आहे: संघात सोळा मुली, वर एक राखीव. उदगीरची शिवकन्या (म्हणजे तू), डावी विंगर, वय अठरा (शाळेच्या कागदावर एकोणीस). नांदेडची आरती, राखीव. शिवकन्येचा पासपोर्ट मुदतीत आला नाही, म्हणून तिच्या जागी आरती. असो.

तुझा डावा पाय मी घडवला, हे मी कुणाला सांगत नाही, पण ते खरं आहे. नियमांचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन चार महिन्यांत वाचून काढलं. तुझ्या उजव्या पायात अप्पांची जड वहाण घालायला लावायचो, म्हणजे चेंडू डाव्यानेच मारावा लागे. अप्पा ओरडायचे, 'माजी वहाण कुटं हाय?' आणि अव्वा त्यांना देवघरात शोधायला लावायची.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. आरतीला पोटाचा कॅन्सर आहे. दवाखान्याने घरी पाठवलं. तिची मुलगी वर्षाराणी मला फोन करते. पंधरा दिवस, फार तर महिना, असं डॉक्टर म्हणाले. आरती एकच गोष्ट मागते. शिवकन्येला एकदा बघायचंय.

संघाच्या सराव शिबिरात तुम्ही दोघी एका ताटात जेवायच्या. छत्तीस वर्षांत तू तिचं नाव घेतलेलं नाहीस. तिने मामाच्या वशिल्याने तुझी जागा घेतली असं तुझं म्हणणं. मी एवढंच लिहितो की आरतीने तुझं काही घेतलेलं नाही, असं माझं मत आहे. 'मत' हा शब्द मी अर्जात कधी घालत नाही, पण इथे तोच राहू दे.

किनवटहून सकाळची गाडी धर, दुपारी नांदेडला पोचशील. हवं तर मीही येतो.

तुझा अण्णा,
संगमेश्वर

ता. क. राखी टाकली असशील तर वेळेत येईल. एक सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट बंद करून स्पीड पोस्टात घालणार म्हणतात. माझ्या धंद्याची निम्मी शान त्या रजिस्टर पावतीत होती.


उदगीर,
गुरुवार, ता. १४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. शिवव्वा,

अनेक आशीर्वाद. राखी शुक्रवारी मिळाली, शनिवारी तुझ्या वहिनीने बांधली. 'नणंदेचं काम मला लावलं,' म्हणाली. गाठ घट्ट बसली आहे.

सोबतची तुझी चिठ्ठी वाचली. तू लिहितेस: 'अण्णा, तुमाला तिचा येवढा पुळका कामून? मी शिबिराच्या दारात बॅग घेऊन उभी होते आन् ती बसच्या खिडकीतून हात हलवून राहिली होती. माझ्या नावाचा शर्ट घालून ती खेळली. मरणाऱ्याला माफ करावं म्हणतात. मला न्हाई जमत. तुमी कागदवाले ना? तिनं न्हाई केलं, याचा कागद दाखवा.'

तू येणार नाहीस हे कळल्यावर मी सोमवारी एकटाच नांदेडला गेलो.

खिडकीजवळ खाट टाकली आहे. ओळखू येत नाही. मी दारातच थांबलो, तर तिनेच ओळखलं.

"कोण, उदगीरचे अण्णा? या की. मी उठत न्हाई बरं. रेफरीनं बाहीर बसवलंय."

वर्षाराणी म्हणाली, "आई, जास्त बोलू नको."

"आता न्हाई बोलू तर मग कवा?" मग माझ्याकडे वळून, "ती येऊन राहिली का?"

"रजा मिळाली की येते म्हणाली," मी सांगितलं.

ती हसली. हसताना दुखत होतं. "अण्णा, तुमी कागदावर लई खरे, आन् तोंडानं लई खोटे."

मी म्हटलं, वहीत बँकॉकची नोंद अपुरी आहे, सामन्यांत किती मिनिटं खेळलीस ते सांग. तिने बोटांवर मोजलं. "पयल्यात न्हाई. दुसऱ्यात शेवटचे चार. तिसऱ्यात सात. झाले अकरा. येवढ्या लांब गेले आन् अकरा मिनिटं खेळले, अण्णा. डाव्या पायानं मारायला मला येतच नव्हतं. कोच कपाळ धरून बसायचा. शिवकन्या असती तर सगळेच्या सगळे खेळली असती."

मग विचारलं, "पोरींना खेळू देते का ती? तिच्या वसतिगृहाच्या?"

"कबड्डी, खो-खो सगळं आहे," मी म्हणालो.

"चेंडू?"

मी अकरा मिनिटांची नोंद करत बसलो. दोन वर्षांपूर्वी सरकारी खेळसाहित्यात फुटबॉल आले ते तू गोदामात कुलूप लावून ठेवलेस, हे तूच मला सांगितलं होतंस, आणि हसून सांगितलं होतंस. आरतीने तोंड भिंतीकडे केलं. वर्षाराणीने आणलेला चहा मी तसाच ठेवला.

तू कागद मागितलास. रास्त आहे. तर वस्तुस्थिती अशी.

शाळेच्या दाखल्यावर तुझी जन्मतारीख १ जून १९७० आहे. आपल्याकडची ही रीत तुला सांगायला नको. पोर शाळेत घालायला नेलं, बापाला तारीख सांगता येईना, की हेडमास्तर लिहून टाकायचे, एक जून. शाळा जूनला उघडते, वय बसतं, काम भागतं. तुमच्या सोळा जणींत नऊ जणी एक जूनच्या होत्या. संघाच्या मॅनेजरबाई सगळ्यांचे दाखले हातात घेऊन माझ्यासमोर हसल्या होत्या, 'काय हो, तुमच्या मराठवाड्यात एक जूनला दवाखाने बंदच ठेवत नसतील?' त्या नऊतल्या सात मुली मराठवाड्यातल्या नव्हत्याच, हे मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं.

तुझा जन्म शिवरात्रीचा, म्हणून तू शिवकन्या. मंगळवार, २३ फेब्रुवारी १९७१. पंचांग काढून मी ते ताडून पाहिलेलं आहे. दाखल्यात आणि खऱ्या तारखेत ही अशी तफावत होती. पासपोर्टच्या वेळी एका इसमाने त्या तफावतीवर प्रतिज्ञापत्रासह हरकत घेतली. त्यामुळे चौकशी लागली आणि मुदत गेली. आरती आधीच राखीव होती, तिचा पासपोर्ट तयार होता, म्हणून ती गेली. हे मी जबाबदारीने लिहितो.

बाकीचं समक्ष बोलू. तू नांदेडला ये. मी स्टेशनवर उभा राहतो, दोघं मिळून जाऊ. वाटेत सांगतो.

तुझा अण्णा,
संगमेश्वर


उदगीर,
रविवार, ता. २४ ऑगस्ट २०२५

शिवकन्या,

आशीर्वाद लिहिलेला नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तो तुला नको वाटेल.

आरती बुधवारी, २० तारखेला, सकाळी अकरा चाळीसला गेली. वर्षाराणीने तुलाही निरोप टाकला होता. तू आली नाहीस; का, ते मला गोदावरीच्या घाटावरून परतल्यावर कळलं.

माणसं पांगल्यावर वर्षाराणीने मला आतल्या खोलीत बोलावलं. म्हणाली, "मामा, रविवारी शिवकन्या मावशीचा फोन आला होता." मला आनंद झाला, शिवव्वा. खरंच झाला. मी म्हटलं, "बोलली ना शेवटी?" तिने दार लोटलं आणि सांगितलं ते असं.

आरतीला फोन धरवत नव्हता, म्हणून वर्षाराणीने आवाज मोठा करून तो उशीवर ठेवला होता. तू म्हणालीस, "आरती, खरं सांग. अण्णानं मला लिवलंय, कुणीतरी हरकत घेतली म्हणून. तुज्या मामानंच घेतली ना?"

वर्षाराणी मध्ये बोलायला गेली, तर आरतीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हाव," म्हणाली. "मामानंच."

"आन् तुला ठाव होतं?"

"हाव."

"मग झालं," तू म्हणालीस. "तुज्या तोंडून यावं म्हनून छत्तीस वर्सं थांबले व्हते. आता मर सुकानं." आणि फोन बंद.

वर्षाराणीने विचारलं, आई, खोटं कामून बोललीस? आरती तिला म्हणाली, "तिला आई न्हाई, बाप न्हाई. माहेर म्हनजे येवढा एक भाऊ उरला. मी तर जाऊनच राहिले. जाता जाता तिचं माहेर कामून बुडवू?"

तिचा मामा एकवीस वर्षांपूर्वी वारला. त्याने हरकत घेतली नव्हती. त्याला पासपोर्टचा अर्ज कसा दिसतो हेही ठाऊक नव्हतं.

हरकत मी घेतली.

आता क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मी पुन्हा कुठेतरी लपेन.

मॅनेजरबाई हसल्या तो दिवस १ सप्टेंबर १९८९. बावीस वर्षांचा होतो, टेबल टाकून वर्ष झालं होतं. आपल्या घरातून देशाबाहेर जाणारा तो पहिला कागद, आणि त्यावर हेडमास्तरने अंदाजे ठोकलेली तारीख! मला ते सहन झालं नाही. आठ जणी तशाच खोट्या तारखेवर जाणार होत्या, त्यांचं मला काही वाटलं नाही. माझी बहीण खऱ्या तारखेवर जाणार, आणि ते बाईंना दिसणार. इंग्रजीत प्रतिज्ञापत्र मी स्वतः लिहिलं. कुणाला विचारलं नाही. माझ्या आयुष्यातला पहिला इंग्रजी मसुदा. त्यात एकही चूक नव्हती. आजही नाही, मी काल पुन्हा वाचला. ता. ८ सप्टेंबरला मी तो पासपोर्ट कचेरीला रजिस्टर टाकला. तुला सांगितलं नाही, कारण नव्या तारखेचा पासपोर्ट हातात ठेवून तुला चकित करायचं होतं.

इथवर मूर्खपणा आहे. इथवरचं मी तुला पहिल्या वर्षीच सांगू शकलो असतो, आणि तू चार दिवस रडून मला माफ केलं असतंस. म्हणून हे मी स्वतःलाही इथपर्यंतच सांगत आलो.

२३ ऑक्टोबरला कचेरीचं उत्तर आलं. ओळी थोड्याच होत्या. दाखला आणि प्रतिज्ञापत्र यांत विसंगती आहे. एकतर शाळेची नोंद दुरुस्त करून आणा, किंवा प्रतिज्ञापत्र लेखी मागे घ्या, म्हणजे दाखल्यावरच्या तारखेने पासपोर्ट देता येईल. संघ ९ नोव्हेंबरला निघणार होता. सतरा दिवस होते. एक ओळ लिहायची होती. 'मी माझे प्रतिज्ञापत्र मागे घेत आहे.' तार केली असती तरी चाललं असतं.

मी ती ओळ लिहिली नाही.

मागे घेणं म्हणजे मी खोटं लिहिलं होतं असं कबूल करणं, असं मला वाटलं. मी नववी पास, टेबलावरचा पोरगा, आणि माझा पहिला कागद मी मागे घ्यायचा? मी त्यांना दोन पानी उत्तर लिहिलं. शिवरात्रीची तिथी, पंचांगाचा उतारा, अव्वाचा अंगठा. शेवटी लिहिलं, सत्य मागे घेता येत नाही. ते वाक्य लिहून झाल्यावर मी दोनदा मोठ्याने वाचलं, इतकं मला ते आवडलं. त्या वेळी तू शिबिरात पहाटे उठून धावत होतीस.

चौकशीला पोलीस घरी आला तो १४ नोव्हेंबरला. संघ बँकॉकला पोचून तीन दिवस झाले होते.

शिबिराच्या दारातून तुला आणायला मीच आलो होतो. येताना अहमदपूरला बस थांबली तेव्हा मी शेंगा घेतल्या, त्या तू मांडीवर तशाच धरून ठेवल्यास. मग एकदम म्हणालीस, "अण्णा, तिच्या मामानं केलं असंल का हो?" तुझ्या डोक्यात ते कुठून आलं मला माहीत नाही. मी 'नाही' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "असंल बी."

हे दोन शब्द वहीत नाहीत.

जानेवारीत आरती उदगीरला आली होती. तू तिला दारातून परत पाठवलंस, ते तुला आठवतं. तिथून ती माझ्या टेबलाशी आली. मॅनेजरबाईंनी तिला विमानतळावर सगळं सांगितलं होतं, 'तिच्या सख्ख्या भावानेच अडवलं' म्हणून. आरती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, तिला तुमी सांगता का मी सांगू?" मी म्हणालो, मी सांगतो, तू सांगू नकोस, मला थोडे दिवस दे. तिने दिले. ज्या वर्षी तू खेळ सोडून डी.एड.ला गेलीस, त्या वर्षी तिने मला कार्ड टाकलं, 'सांगितलं का?' तुझ्या लग्नाला तिला बोलावलं नव्हतं, तरी कार्ड आलं, 'सांगितलं का?' मग कार्ड बंद झाली.

मागच्या पत्रात मी नांदेडच्या भेटीतला एक भाग गाळला. वर्षाराणी आत गेल्यावर आरतीने पुन्हा तेच विचारलं. मी म्हणालो, पत्र लिहिलंय, दुसरं लिहिणार आहे. ती म्हणाली, "मग आता नावानिशी लिवा." मी हो म्हणून आलो, आणि घरी येऊन 'एका इसमाने' असं लिहिलं. दुसऱ्याच्या अर्जात नाव-गाव राहिलं तर मी तो परत करतो. तो कागद तुझ्या हातात पडला, तू त्या जागी मामाचं नाव घातलंस, आणि आरतीने त्यावर हाव म्हटलं.

मी ते पत्र लिहिलं नसतं तर तू फोन केला नसतास. खरं लिहिलं असतं तर तू सोमवारची गाडी धरली असतीस. तिच्याकडे अजून दोन दिवस होते. मी हिशोब पुन्हा पुन्हा करून पाहिला. दर वेळी दोनच दिवस येतात.

काल तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या करून राहिली होती. तवा उतरवला, हात धुतले, आणि पहिल्यांदा माझं नाव घेऊन बोलली. "संगमेश्वर, शिवव्वाला हे घर उघडं हाय. तुमाला हाय का न्हाई, ते तिला इचारा." मी तुला विचारत नाही. सण-वाराला तू ये, मी तेवढे दिवस मठात राहीन. माहेर राहावं म्हणून एक बाई खोटं बोलून गेली. ते बुडवायचा हक्क मला नाही, आणि तुला इथे यायला माझी गरजही नाही.

तेरावा सोमवारी, १ सप्टेंबरला, नांदेडला आहे. वर्षाराणीला तुझ्यावर राग नाही. तिला तू शिबिरातल्या आरतीबद्दल सांगावंस एवढंच हवंय. तिची आई खेळायची कशी, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मी त्या दिवशी येणार नाही.

सोबत तीन कागद आहेत. माझ्या प्रतिज्ञापत्राची कार्बन प्रत, कचेरीचं उत्तर, आणि माझं ते दोन पानी. कचेरीचं उत्तर मूळ आहे, प्रत नाही. जपून ठेव किंवा जाळ.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी नीट लिहितो. रविवारी तू फोनवर जे बोललीस, ते आरतीला नव्हतंच. ते ज्याने हरकत घेतली त्याला होतं. तिने ते मध्येच स्वतःवर घेतलं. त्या शब्दांनी तुला झोप लागत नसेल, हे मी ओळखतो, मी तुझा पाय ओळखत होतो तसं. तर ते शब्द तुझ्याकडे ठेवू नकोस. ते माझे आहेत, माझ्या पत्त्यावर यायचे होते, आता मला मिळाले. कुणी कधी विचारलं, तू स्वतःच स्वतःला विचारलंस, की मरणाऱ्या मैत्रिणीला मी असं कसं बोलले, तर हा कागद काढून दाखव.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला असून खरा आहे. यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही.

लिहून देणार,
संगमेश्वर महादेवप्पा, वय ५८, धंदा अर्जनवीस, राहणार उदगीर.
हरकत घेणारा तोच.